पत्ते तुम्हाला दिसतात, त्याला दिसत नाहीत: फायनल टेबलबद्दल वाचकांचे प्रश्न

लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट, म्हणजे मुख्य स्पर्धा, आणि तिचं फायनल टेबल (शेवटच्या खेळाडूंचं टेबल) टीव्हीवर संपलं की माझ्याकडे पत्रांचा ढीग लागतो. नव्वद टक्के पत्रांत एकच तक्रार असते: ‘अमुक खेळाडूने एवढा चांगला हात (म्हणजे हातातले पत्ते) टाकलाच कसा?’ या वेळी त्यावर जरा सविस्तर लिहिलं आहे. बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न: पडद्यावर खेळाडूच्या नावापुढे जिंकण्याच्या शक्यतेचे 72%, 28% असे आकडे येतात. ते त्याला दिसतात का? (वाचक, सातारा)

नाही.

प्रश्न: मग ते आकडे खरे की चॅनेलवाल्यांची करामत?

आकडे खरे असतात, फक्त ते तुमच्यासाठी असतात. दोघांचे पत्ते माहीत असल्यावर उरलेल्या गड्डीचा हिशेब संगणक क्षणात करतो. खेळाडूला स्वतःचे दोन पत्ते माहीत असतात, समोरच्याचे अंदाजाने धरायचे. करामत असलीच तर संकलनात आहे. दिवसभराच्या खेळातून तासाभराचा कार्यक्रम काढताना साधे, कंटाळवाणे फोल्ड (पत्ते टाकून डाव सोडणं) कापले जातात आणि ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) तेवढे उरतात. असे कार्यक्रम बघून पोकर शिकलेला माणूस टेबलावर लगेच ओळखू येतो. पूर्ण प्रक्षेपण बघा. ते ठरावीक उशिराने दाखवतात, पण त्यात फोल्डसुद्धा दिसतात.

प्रश्न: तिघे उरले होते. मधल्या खेळाडूकडे एक्का-राजा होता. चिप्समध्ये पुढे असलेल्याने ऑल-इन केलं आणि याने फोल्ड केलं. आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणाले, घाबरला. एक्का-राजा टाकतात का कधी? (वाचक, नाशिक)

टाकतात. तुमच्या ग्रुपला कागद-पेन्सिल घेऊन बसवा, मी आकडे देतो.

एकूण चिप्स 100 लाख धरा. पहिल्याकडे 50 लाख, तुमच्या एक्का-राजावाल्याकडे 45 लाख, तिसऱ्याकडे फक्त 5 लाख. बक्षिसं 50, 30 आणि 20 लाख रुपये. टूर्नामेंटमध्ये चिप्स म्हणजे पैसे नव्हेत, ही गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही. सगळ्या चिप्स जिंकल्या तरी 50 लाखच मिळतात आणि तिसरा आलेला शून्य चिप्स घेऊनही 20 लाख घेऊन जातो. म्हणून चिप्सची किंमत रुपयांत काढण्यासाठी आयसीएम नावाची पद्धत वापरतात. पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरायची. मग पहिला बाजूला काढून उरलेल्यांत दुसऱ्या क्रमांकासाठी तेच गणित पुन्हा करायचं.

या हिशेबाने फोल्ड केल्यावर आपल्या माणसाची जागा साधारण 38 लाख 24 हजारांची आहे. कॉल करून (समोरच्याइतक्याच चिप्स लावून) जिंकला, तर 90 लाख चिप्स हातात येतात आणि जागेची किंमत 47 लाख 95 हजार होते. हरला तर तिसरा, 20 लाख घेऊन घरी. म्हणजे जिंकल्यास मिळणार पावणेदहा लाखांच्या आसपास आणि हरल्यास जाणार सव्वाअठरा लाख. हा व्यवहार बरोबरीत सुटायला जिंकण्याची शक्यता 65 टक्के लागते. ब्लाइंड आणि अँटी (डाव सुरू होण्याआधी सक्तीने लावायच्या चिप्स) मी धरलेले नाहीत. धरले तर आकडा थोडा खाली येईल, इतकंच.

आता एक्का-राजाकडे या. समोरच्याने डोळे मिटून वाटेल ते दोन पत्ते ढकलले असं मानलं, तरी वेगवेगळ्या रंगांचा एक्का-राजा साधारण 65 टक्के वेळा जिंकतो. म्हणजे समोरचा अगदी बेभान असला तरी जेमतेम बरोबरी! त्याच्याकडे राण्यांची जोडी असेल तर एक्का-राजा 43 टक्क्यांवर येतो. आणि हे सगळं कशासाठी? शेजारी 5 लाखवाला कुठल्याही क्षणी बाहेर पडायच्या बेतात असताना. तो बाहेर पडला की आपला माणूस पत्ता न उचलता 20 वरून किमान 30 लाखांवर जातो. त्याला घाबरट म्हणणाऱ्यांनी त्याच्या जागी स्वतःची मुदत ठेव लावून बघावी.

आणखी एक. टीव्हीवर नंतर दिसलं असेल की समोरच्याकडे राजा-नव्वी होती आणि कॉल केला असता तर हा 70 टक्क्यांहून जास्त पुढे होता. त्याने काहीही सिद्ध होत नाही. निर्णय तपासायचा तो समोरच्याकडे कोणकोणते हात असू शकतात यावर. त्या वेळी नेमका कुठला निघाला, यावर नाही. आयसीएमलाही मर्यादा आहेत. कोण किती चांगला खेळतो, ब्लाइंड पुढे कुणावर येणार, हे त्याला कळत नाही. म्हणून तुमच्या टूर्नामेंटचे नेमके स्टॅक (प्रत्येकाकडच्या चिप्स) आणि बक्षिसांची उतरंड घेऊन एखाद्या जाणकार प्रशिक्षकाबरोबर बसा. माझ्या उदाहरणातले 65 टक्के पाठ करून दुसरीकडे वापरू नका.

प्रश्न: म्हणजे चिप्समध्ये पुढे असलेल्याने सगळ्यांना दाबत राहावं? (वाचक, पुणे)

सगळ्यांना नाही, मधल्यांना. ज्याच्याकडे गमावण्यासारखं सर्वांत जास्त आहे, तो फोल्ड करतो. अगदी तळाचा खेळाडू कॉल करायला मोकळा असतो, त्याच्यावर तिर्री-सत्ती घेऊन चढाई कशाला?

प्रश्न: 2003 च्या मेन इव्हेंटच्या फायनलला ख्रिस मनीमेकरने सॅम फरहाला ब्लफ केला (हात कमजोर असून हूल दिली). फरहाचं फोल्ड करणंही आयसीएममुळेच बरोबर होतं ना? (वाचक, ठाणे)

नाही, आणि ही गल्लत सारखी होते. तिथे दोघेच उरले होते. दुसऱ्या क्रमांकाचे 13 लाख डॉलर दोघांनाही पक्के, भांडण फक्त त्यावरच्या रकमेचं. पहिलं बक्षीस 25 लाख डॉलर होतं. दोघांत प्रत्येक चिपची किंमत सारखीच असते, आयसीएमचा दबाव संपतो. फरहाकडे टेबलावरची सगळ्यात मोठी जोडी होती, नव्व्यांची. मनीमेकरचा इस्पिकचा फ्लशही (एकाच रंगाचे पाच पत्ते) हुकला होता आणि स्ट्रेटही (ओळीने पाच पत्ते). हातात उरला नुसता राजा. त्याने रिव्हरला (टेबलावरचा शेवटचा पत्ता उघडल्यावर) सगळं लोटलं आणि फरहाने, फ्लश हुकला असेल असं तोंडाने म्हणत, पत्ते टाकले. तो फोल्ड चूक होता का, यावर जाणकार आजही वाद घालतात. वाद जरूर घाला, पण पॉटमध्ये (मधे जमलेल्या चिप्समध्ये) किती होते आणि कॉल कितीचा होता यावरून घाला.

प्रश्न: 2024 च्या फायनलला प्रेक्षकांतून लॅपटॉप बघून सल्ला दिला गेला म्हणतात. ती फसवणूक नव्हे? (वाचक, कोल्हापूर)

विजेता जोनाथन टमायो दोन हातांच्या मधल्या वेळात रेलवर (प्रेक्षकांच्या कठड्यापाशी) जाऊन मित्रांशी बोलत होता आणि त्या मित्रांकडे लॅपटॉप होता. हात चालू असताना मदत घेणं आधीपासूनच निषिद्ध आहे. मधल्या वेळेबद्दल नियम ढिला होता. 2025 साठी आयोजकांनी तो कडक केला. पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसात 40 लाख डॉलरचा फरक होता, तेव्हा लोक चिडले यात नवल नाही. पण नियमात नसलेला गुन्हा मी कुणाच्या माथी मारणार नाही.

प्रश्न: एका ‘मेंटॉर’चा फायनल टेबल कोर्स 24,999 रुपयांना आहे. सोबत चार्टची (कोणता हात खेळायचा, कोणता टाकायचा याच्या तक्त्यांची) पीडीएफ मोफत. घ्यावा का? (वाचक, नागपूर)

आधी त्याला एवढंच विचारा: हे चार्ट किती ब्लाइंडच्या स्टॅकचे आहेत आणि कोणत्या बक्षीस-रचनेसाठी? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे वाचले. विकले जाणारे बरेच चार्ट 100 ब्लाइंडच्या कॅश गेमचे (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे) असतात, फायनल टेबलला त्यांचा उपयोग नाही. ‘फक्त आज रात्रीपर्यंत सवलत’ असं लिहिलेलं असेल तर हा प्रश्नही विचारू नका.

प्रश्न: सरावासाठी कुठलं ॲप चांगलं? पैसे लावून खेळायचं आहे. (वाचक, सोलापूर)

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. ‘आमचं ॲप परदेशातलं आहे, चालतं’ असं सांगणारा तुमच्या वतीने कोर्टात उभा राहणार नाही. गोव्यातल्या परवानाधारक कॅसिनोंची गोष्ट वेगळी. शंका असेल तर वकिलाला विचारा, टेलिग्राम ग्रुपला नको.

प्रश्न: दोन वर्षांत साडेचार लाख गेले, घरी माहीत नाही. एक मोठी टूर्नामेंट लागली की सगळं फिटेल. कुठली खेळू? (नाव-गाव छापत नाही)

एकही नाही. आजच घरातल्या एका माणसाला सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 मोफत आहे. पुढच्या महिन्यावर ढकलू नका. डावपेच या पत्राला लागू नाहीत.

प्रश्न: आम्ही चौघे मित्र 10,000 डॉलरचा बाय-इन (प्रवेश शुल्क) गोळा करून एकाला वेगासला पाठवतो आहोत. जिंकलं तर समान वाटणी. काही सूचना? (वाचक, मुंबई)

लेखी करार करा. 2006 च्या मेन इव्हेंटमध्ये जेमी गोल्डने 1 कोटी 20 लाख डॉलर जिंकले आणि अर्ध्या रकमेवर तोंडी वचनाच्या आधारे दुसऱ्याने दावा लावला. प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी तडजोड झाली. तुमच्या करारात वाटणी कर कापण्याआधी की नंतर, प्रवासखर्च कुणाचा, शेवटच्या तीन खेळाडूंत बक्षिसाची वाटाघाट करायची वेळ आली तर निर्णय एकट्याचा की सगळ्यांचा, हे स्पष्ट हवं. अमेरिकेत कर कापला जाईल. भारतात अशा कमाईवर 30 टक्के दर आणि वर अधिभार-उपकर आहे, खर्चाची वजावट मिळत नाही. परदेशात भरलेल्या कराचं काय आणि चौघांपैकी कुणाच्या नावावर उत्पन्न दाखवायचं, हे तिकीट काढायच्या आधी सी.ए.ला विचारा. जिंकल्यावर विचारलं तर त्याच्याही हातात फारसं काही उरत नाही.