सर्दी छातीत उतरते म्हणजे आत नक्की काय होतं?

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा आठ वर्षांचा, त्याला बाळदमा आहे. पाऊस सुरू झाला की साधी सर्दी होते आणि दोन-तीन दिवसांत छातीत उतरते, रात्रभर छाती वाजते. त्याचीच सर्दी मला लागते पण माझं नाक चार दिवस वाहून थांबतं. असं का? कफ हिरवा झाला की अँटिबायोटिक द्यावं का? सासूबाई म्हणतात त्याची इम्युनिटीच कमी आहे, काढा दे.
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, आधी हिरव्या कफाचं सांगतो. तो रंग जंतूंचा नाही हो, आपल्याच पांढऱ्या पेशींचा आहे. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी विषाणूच्या मागे धावत येतात, त्यांच्यात लोह असलेलं एक एन्झाइम असतं ते मुळातच हिरवं, आणि पेशी मेल्या की ते कफात उतरतं. त्यामुळे नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक नको, विषाणूवर ते चालतच नाही.

आता छातीचं. सर्दीचा सगळ्यात नेहमीचा विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस, याचे १६० च्या वर प्रकार आहेत, म्हणून एकाशी लढून झालं तरी पुढच्या वर्षी दुसरा येतोच. त्याला नाकातला ३३-३४ अंशांचा गारवा आवडतो, पण फुफ्फुसाकडे जाणाऱ्या श्वासनळ्यांतही तो वाढतो. तिथल्या अस्तराच्या पेशीत शिरला की पेशीला परका आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, कळतं आणि ती इंटरफेरॉन सोडते, म्हणजे शेजारणींना निरोप, की बाई दारं लावून घ्या, चोर आलाय! शेजारच्या पेशी मग विषाणूची नक्कल होऊ न देणारी प्रथिनं बनवायला घेतात. हा निरोप वेळेत गेला की प्रकरण बरंचसं नाकातच मिटतं, तुमचं तसंच होत असणार.

दम्याच्या मुलांत हा निरोप उशिरा किंवा कमी जातो असं काही अभ्यासांत दिसलंय, सगळ्यांत नाही. पण दुसरी गोष्ट जास्त पक्की आहे, त्यांचं अस्तर आयएल-३३ नावाच्या प्रथिनासारखे वेगळे इशारे सोडतं, त्यावर इओसिनोफिल नावाच्या ॲलर्जीवाल्या पेशी गोळा होतात, नळ्या सुजतात, चिकट कफ भरतो, भोवतीचे स्नायू आवळतात आणि त्या अरुंद नळीतून हवा जाताना जी शिट्टी वाजते तीच तुम्ही रात्री ऐकता. फ्लूचा विषाणू अस्तर सोलून काढतो तसं ऱ्हायनोव्हायरस फारसं करत नाही, त्रास बराचसा आपल्याच फौजेचा.

म्हणून इम्युनिटी कमी हे अर्धंच खरं, एक बाजू कधी ढिली पडते आणि दुसरी अति करते. काढा घशाला बरं वाटतं म्हणून कोमट द्या, सासूबाईही खूश होतील, पण पंपाऐवजी (म्हणजे इनहेलरऐवजी) नको. डॉक्टरांनी रोजचा स्टेरॉइडचा पंप दिला असेल तर मुलगा खेळता-हसता आहे म्हणून मनाने बंद करू नका, सूज तोच आटोक्यात ठेवतो आणि त्याची सवय वगैरे लागत नाही. सर्दी गेल्यावर दोन-तीन आठवडे कोरडा खोकला राहू शकतो, कारण सुजलेल्या अस्तराखालच्या नसा तोवर हुळहुळ्या असतात.

मात्र बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, एक वाक्य पुरं बोलता येत नाहीये, ओठ निळसर दिसतायत किंवा आरामाचा, म्हणजे त्रास होताना घ्यायचा, पंप देऊनही फरक नाही, तर सकाळची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. आणि पुढच्या तपासणीला जाताना पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) सोबत न्या, डॉक्टरांसमोर मुलाला तो घ्यायला लावा, कारण औषध बरोबर असूनही घ्यायची पद्धत चुकलेली मुलं मला दर आठवड्याला भेटतात.