आधी बघावं की आधी वाचावं?

प्रश्न : समकालीन कलेबद्दल मला कुतूहल आहे, पण कलादालनं माझ्यापासून लांब. इन्स्टाग्रामवर रोज चित्रं बघते, आवडतात, पण त्यापुढे काही उमगत नाही. इथल्या वृत्तपत्राच्या पुरवणीत प्रदर्शनांवर चार ओळी येतात, त्याही कोरड्या. असं घरबसल्या बघून काही हाती लागतं का? आणि आधी बघावं की वाचावं?

उत्तर : लागतं. फक्त फोनवर दिसतो तो चित्राचा फोटो, हे धरून चाला. भारतीय चित्रकर्ती नसरीन मोहमदींची रेखाटनं घ्या. कागदावर पेन्सिलीने, शाईने ओढलेल्या बारीक रेषा, बहुतेक कामांना ना शीर्षक ना साल. फोनवर त्या रेषा मिसळून नुसता करडा पट्टा दिसतो, नाहीतर मूळ कागदावर नसलेल्या लाटाच तिथे तरळायला लागतात. (त्या लाटांवर भाळलेली मंडळीही मला भेटली आहेत!) तेव्हा रेषा सुट्या दिसेपर्यंत फोटो मोठा करा. खाली माध्यम आणि माप दिलेलं असतं, तेही वाचा. मापाची टेप घेऊन भिंतीवर तेवढ्या खुणा करा. हसू नका, मी अजूनही करते.

आता त्या कोरड्या चार ओळी. ऑक्टोबर २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात चिनी कलावंत आय वेवेई यांचं मांडणशिल्प लागलं होतं : सूर्यफुलाच्या पोर्सिलेनच्या बिया, तब्बल दहा कोटी. फोटोत दिसतो तो जमिनीवरचा करडा थर. चित्रफीत पाहिली की कळतं, चीनमधल्या जिंगदेझेनच्या कारागिरांनी एकेक बी हाताने रंगवली आहे. लोकांनी त्यावरून चालावं, बिया हातात घ्याव्यात, अशी मूळ कल्पना. पण चालण्याने पोर्सिलेनची धूळ उडायला लागली आणि काही दिवसांतच लोकांना कडेला उभं राहून बघावं लागलं. सुबक फोटोंवरून याचा पत्ता लागत नाही. ते छापलं त्या आठवड्यातल्या बातम्यांनी.

पुरवणी वाचायची ती यासाठी. 'अमुक यांच्या हस्ते उद्घाटन' यात अर्धी बातमी जाते, ते सोडून द्या. विशेषणंही सोडा. काम कोणी घडवलं, कशाचं, कुठे ठेवलं, कोणी हरकत घेतली, एवढं उचला. असं कात्रण तारीख टाकून ठेवा, कारण लहान प्रदर्शनाचा पुढे बहुधा तेवढाच पुरावा उरतो. प्रदर्शनाची पत्रकंसुद्धा टाकू नका. कलेची कागदपत्रं जपणाऱ्या हाँगकाँगच्या 'एशिया आर्ट आर्काइव्ह'च्या संकेतस्थळावर जाऊन बघा. कलासमीक्षक गीता कपूर आणि चित्रकार विवान सुंदरम यांचा संग्रह तिथे आहे, बडोद्याच्या कलावंतांची कागदपत्रंही आहेत. इन्स्टाग्रामवरच्या शंभर चित्रांपेक्षा त्यातली एक जुनी पुस्तिका मला जास्त सांगून जाते, अर्थात हा माझा स्वभाव.

आधी बघा. मजकूर झाकून दोन मिनिटं. काय दिसलं ते एका ओळीत लिहा, मग बातमी वाचा आणि पुन्हा चित्राकडे या. कलादालनाचं निवेदन सगळ्यात शेवटी वाचा, काम विकायचं असतं त्यांना.