सुंभाच्या जागी बोल्ट?

प्रश्न : जेम्स व्हॅरम यांच्या आराखड्यावरून ‘टिकी 21’ ही दोन हलांची (म्हणजे दोन जोड-सांगाड्यांची) शिडाची होडी दोन वर्षं पार्किंगमध्ये बांधतोय. हल तयार आहेत, त्यांना जोडणारे आडवे बीम बाकी आहेत. ट्रेलरवरून ताम्हिणीमार्गे कोकणातल्या दिघीला न्यायची आहे. तीन बदल मनात आहेत : बीम दोरीने बांधण्याऐवजी स्टीलच्या बोल्टने आवळायचे, मधल्या डेकवर चौघांची केबिन करायची आणि 15 हॉर्सपॉवरचं इंजिन लावायचं. काय सांगाल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बोल्टपासून सुरुवात करतो, कारण तिथे माझे हात पोळलेत.

माझे आजोबा मालवणला उलांडीच्या होडीतून मासेमारी करायचे. होडीच्या एका अंगाला आडव्या लाकडांवर उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा तरंगता ओंडका, आणि सगळं सुंभाने बांधलेलं. लाटेवर सांधा कुरकुरायचा, पण तुटायचा नाही. व्हॅरमनी हीच युक्ती पॉलिनेशियातल्या होड्यांकडून घेतली. दोन हल लाटेवर वेगवेगळे डुलतात. दोरी त्यांना तेवढी मोकळीक देते आणि ताण सगळ्या वेढ्यांमध्ये वाटून घेते. बोल्ट लावला की तोच ताण एका भोकाच्या काठावर येतो, आणि तुमचा प्लाय आहे 6 मिलिमीटरचा. मी शहाणपणा करून पुढच्या बीमला बोल्ट लावले होते. दुसऱ्याच हंगामात भोकाभोवती काळं वर्तुळ दिसलं. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर सरळ आत गेला. इपॉक्सीच्या, म्हणजे लाकडावरच्या राळेच्या थराच्या, आत पाणी शिरलं की आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लायसुद्धा गुपचूप कुजतो. दोरीच्या भरवशाचं म्हणाल तर रोरी मॅक्डूगल 1991 ते 1997 या काळात टिकी 21 मधूनच जगप्रदक्षिणा करून आला. आपल्याला दिघीहून मुरुडला जायचंय.

दोरी मात्र नायलॉनची घेऊ नका. ती भिजली की ताणते, आणि सकाळी आवळलेला सांधा दुपारी खुळखुळतो. आधीच ताणून घेतलेली पॉलिएस्टरची दोरी मिळते, ती घ्या.

बोल्टमागची तुमची खरी अडचण वेळेची असावी असा माझा अंदाज आहे. जोडलेली होडी बारा फूट रुंद. घाटातून ती सुटीच न्यावी लागणार, म्हणजे प्रत्येक खेपेला बांधणी आली. पहिल्या वेळी मला साडेचार तास लागले. तोवर ओहोटी लागून पाणी इतकं मागे गेलं की जोडलेल्या होडीत बसून आम्ही डबे खाल्ले. आता दोघं मिळून दीड तासात उरकतो. तेव्हा कल्पकता लढवायचीच तर ट्रेलरवर लढवा. हल ज्या पाळण्यांवर टेकतात ते रुळांवरून बाहेर सरकतील असे करा, म्हणजे जोडणी ट्रेलरवरच होते. प्रत्येक सांध्याची दोरी मापात कापून रंगीत टेप लावून ठेवा. डोलकाठी उभी करायला दोन पाइपांची कैची करून घ्या. माझ्या पाठीने ती सूचना फार उशिरा केली.

केबिनचं काय? या होडीला झेपणारा भार सुमारे 450 किलो. चार माणसं तीनशेला टेकली. त्यात नांगर, साखळी, पिण्याचं पाणी. आठ बाय चारचा 6 मिलिमीटरचा प्लाय 12 किलोच्या आसपास भरतो. असे पाच-सहा, वर फायबरचं कापड, इपॉक्सी, खिडक्या... शंभर किलो कधी झाले ते कळणारही नाही. शिवाय ती पेटी वारा अडवते ती वेगळीच. माझं ऐकू नका, स्वतः बघा. बांबू आणि ताडपत्रीचा त्याच मापाचा सांगाडा डेकवर बांधा, आत पाण्याचे 20 लिटरचे पाच जार ठेवा आणि दुपारच्या वाऱ्यात वाऱ्याविरुद्ध नागमोडी चढून दाखवा. वळताना होडी वाऱ्यात नाक खुपसून उभी राहिली तर जार रिकामे करा, ताडपत्री ठेवा. रात्रीपुरता तंबू म्हणून ती उत्तम आहे. माझ्या होडीवर सहा वर्षं तोच तंबू आहे आणि बायकोची तक्रार फक्त डासांबद्दल आहे.

राहिलं इंजिन. 15 हॉर्सपॉवरचं चार स्ट्रोकचं इंजिन 50 किलोच्या घरात जातं, 5 चं साधारण निम्म्यात येतं. इतक्या हलक्या होडीला 5 पुरे. पैसे वाचतील ते लांब शाफ्टवर, म्हणजे पंख्यापर्यंत जाणाऱ्या लांब दांड्यावर, घाला, कारण दोन हलांच्या मध्ये टांगलेलं इंजिन लाटेवर पंखा हवेत काढतं आणि नुसतंच किंचाळतं. वापर नसताना ते पाण्याबाहेर उचलता येईल अशी बिजागरीची फळी बसवा. आराखड्याबाहेरचा हा एक बदल मी डोळे मिटून करू देईन.