'सर्रा' : मूळ 'सूर' की 'सड़ा'?

प्रश्न असा आहे : गुरांच्या 'सर्रा' रोगाचं नाव मराठी 'सूर'वरून आलं, असं इंग्रजी कोशांत दिलं आहे. ते खरं मानावं का? की हा रोग गायीम्हशींत सर्रास आढळतो म्हणून 'सर्रा'?

'सर्रास'चं आधी निकालात काढतो. तो फारसी 'सरासर', म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. रोगाशी त्याचा संबंध नाही.

'सूर'ला मात्र आधार आहे. नाकपुडीतून वाहणारा वारा हा त्याचा एक अर्थ. स्वरोदयात, म्हणजे श्वासावरून शुभाशुभ पाहण्याच्या विद्येत, 'उजवा स्वर चालू आहे' म्हणतात तो हाच. कोशकारांनी त्यावरून आजारी जनावराची धाप घेतली. मला हे पटत नाही. या रोगात धाप हे मुख्य लक्षण नव्हेच. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो आणि खातंपितं जनावर वाळत जातं. शिवाय ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यांना 1880 साली घोड्या-उंटांच्या रक्तात याचा परजीवी सापडला तो आजच्या पाकिस्तानातल्या डेरा इस्माईल खानला, आणि तिथले लोक रोगाला आधीच 'सर्रा' म्हणत होते. सिंधूकाठी मराठी शब्द कुठून जाणार? हिंदीतला 'सड़ा', सडलेला, हेच मूळ मला जवळचं वाटतं. 'ड़' रोमन लिपीत 'आर'नं लिहितातच. आपण तिथूनच 'सर्रा' उचलला असावा. उंटवाल्यांचा शब्द तर 'तिबरसा' : तीन वर्षं रेंगाळणारा. किती नेमकं नाव!

आता प्रमाणाचं. गायीम्हशींत हा रोग बहुधा दडून असतो. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्टीवर काही दिसत नाही, पीसीआर ही डीएनए शोधणारी चाचणी केली की परजीवी सापडतो. म्हणून नुसत्या काचपट्टीवरून काढलेला आकडा कमीच भरतो. विण्याचा, लांबच्या वाहतुकीचा ताण पडला की रोग उसळतो. दूध आटतं, गाभण जनावर गाभडतं.

एक विनंती. गावाकडे अशा प्रत्येक तापाला 'गोचीड ताप' म्हणतात. थायलेरिया आणि बबेसिया हे रक्तातले परजीवी गोचिडांमुळे पसरतात, तिथे तो शब्द चोख आहे. सर्रा पसरवतात गुरांना चावणाऱ्या मोठ्या माश्या, त्यांच्या सोंडेला लागलेल्या रक्तातून. पावसाळ्यात आणि त्यानंतर त्या फार होतात. थायलेरियावरचं औषध ब्युपार्व्हाक्वोन सर्र्यावर चालत नाही. डॉक्टरांना फोनवर सांगताना 'गोचीड ताप आलाय' असं निदान न सांगता ताप किती दिवस येतो-जातो आहे आणि अंगावर गोचीड आहेत की माश्या बसतात, ते सांगा.