पहिले वाक्य गिळू नकोस

चि. मुलीस,
प्रभू येशूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

रविवारी उपासना आटोपल्यावर तू पायरीशी थांबली होतीस. पावसाची भुरभुर चालू होती. आईची दवाखान्याची फाईल तू प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून छातीशी धरली होतीस आणि बायबल मात्र हातात तसेच भिजत होते. तू विचारलेस, "सर, तीन आठवडे झाले, मला प्रार्थना करताच येत नाही. डोळे मिटले की रागच येतो. माझा विश्वास गेला का?" मी तोंड उघडण्याआधीच शेजारच्या एका भगिनीने उत्तर देऊन टाकले, की असा राग सैतानाकडून येतो आणि आईच्या बऱ्या होण्याच्या आड कदाचित तुझाच अविश्वास येत असेल. मी गप्प राहिलो. के.एम.टी.ची बस चुकेल म्हणून तू निघून गेलीस. ते गप्प राहणे मला तेव्हापासून खुपते आहे, म्हणून हे पत्र.

देव दयाळू आहे, तो ऐकतो, हे तुला संडे स्कूलपासून ठाऊक आहे. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात चार वेळा सांगितली तरी कंटाळू नकोस. प्रार्थनेत खोटे बोलू नकोस.

क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने काय म्हटले ते आठव. हा प्याला माझ्यापासून दूर कर, हे त्याचे पहिले म्हणणे होते. तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, हे त्यानंतरचे. आणि हे त्याने एकदा नव्हे, त्याच शब्दांत तीनदा म्हटले, असे मत्तय आपल्या शुभवर्तमानात लिहितो. आपल्या मंडळीत मात्र दुसरे वाक्य तेवढे पाठ असते. दुखणेकऱ्याच्या उशाशी उभे राहून आपण मोठ्या आवाजात 'तुझी इच्छा पूर्ण होवो' म्हणतो आणि घरी जातो. ज्याने पहिले वाक्य उच्चारलेच नाही त्याला दुसरे उच्चारण्याचा अधिकार कुठून आला, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. पहिले गिळून दुसरे म्हणणे याला मी नम्रता म्हणत नाही. ते खोटे आहे, मग ते कितीही गोड चालीत म्हटलेले असो.

हे मला फार उशिरा कळले. 2006 च्या पावसाळ्यात माझ्या पत्नीचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला, तेव्हा मी मंडळीत वडील, म्हणजे एल्डर, होतो. दर बुधवारी प्रार्थनासभा आमच्याच घरी भरत असे. एका रात्री सगळे गेल्यावर तिने विचारले, "माझ्या बांगड्या धाकटीला कधी द्यायच्या?" मी म्हणालो, "असे अभद्र बोलू नये, विश्वास धर." दुसऱ्यांदा तिने काही विचारायला सुरुवात केली, तेव्हा मी तिचे वाक्य पुरे होऊ न देता स्तोत्र वाचायला घेतले. तिसऱ्यांदा तिने विचारलेच नाही. कूस बदलून ती भिंतीकडे तोंड करून निजली आणि मला वाटले की तिला शांती मिळाली. पुढच्या रविवारी मी उभा राहून साक्ष दिली की प्रभूने तिला स्पर्श केला आहे. त्यानंतर एकोणीस दिवसांनी ती गेली.

तिच्या जाण्यानंतर पंधरवड्याने मी पहिल्यांदाच स्वतः भात लावायला घेतला, तेव्हा तांदळाच्या डब्यात दिनदर्शिकेचे एक पान घडी घालून ठेवलेले सापडले. मागच्या कोऱ्या बाजूवर तिचे अक्षर होते. 'दूधवाल्याचे अकरा दिवसांचे द्यायचे आहेत. गॅसचे पुस्तक शिलाई मशीनच्या खणात आहे. चटणीच्या दोन बरण्या वरच्या फळीवर आहेत, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवा. धाकटीचे बाळंतपण इथेच करा, मी नाही म्हणून तिला सासरी ठेवू नका. समोर बोलले असते तर तुम्ही रागावला असता.' म्हणजे मे महिन्यात, उभे राहण्याचीही ताकद नसताना, तिने शेजारणींना हाताशी धरून वर्षाची चटणी केली होती ती काय समजून केली होती, हे मला ऑक्टोबरात कळले. चटणी कुटल्याचा खकाणा घरभर पसरला होता आणि मी तिला 'बघ, तुला बळ येत आहे' म्हणून शाबासकी दिली होती.

तू म्हणशील, सर, तुमचा हेतू वाईट नव्हता. नव्हताच. मी वडील होतो, मंडळीचे डोळे माझ्यावर होते, मीच खचलो असतो तर बाकीच्यांनी कोणाकडे पाहायचे? रोग्याला सगळे सांगू नये, अशीच तेव्हा सर्वसाधारण रीत होती. डॉक्टरांनीही तेच सुचवले होते. आणि मी काही तिच्यावर कमी प्रेम केले नाही, रात्र-रात्र जागलो. हे सगळे खरे आहे. तरी ते डब्यातले पान खोटे ठरत नाही, आणि इतक्या वर्षांनी एका तरुण मुलीला पत्र लिहितानासुद्धा मी स्वतःची वकिली करतोच आहे, हे तुझ्याही लक्षात आले असेल.

तर तुझ्या रागाबद्दल. ईयोबाचे पुस्तक तू शेवटपर्यंत वाचले आहेस का? बहुतेक लोक पहिले दोन अध्याय आणि शेवटचे पान वाचतात. मधल्या भागात सर्वस्व गमावलेला ईयोब देवाला जाब विचारतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला उपदेश करतात. हे मित्र आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून होते. तेवढेच काय ते त्यांनी बरे केले. शेवटी देव त्या मित्रांपैकी अलीफजाला सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. बाजू घेणाऱ्यांवर देव रागावला आणि भांडणाऱ्याला त्याने आपला सेवक म्हटले. त्या भगिनीला हा 42 वा अध्याय वाचून दाखवावा, असे मला रविवारी फार वाटले होते.

तुला शब्दच सुचत नसतील तर 88 वे स्तोत्र घे. 150 स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांना शेवटाकडे कुठेतरी उजेडाची फट सापडते. याला ती नाही. मूळ इब्री स्तोत्राचा शेवटचा शब्दच अंधार हा आहे. तरीही कोणी ते पवित्र शास्त्रातून काढून टाकले नाही, त्याला आशेचे एखादे कडवे जोडले नाही. ते जसे आहे तसे मोठ्याने वाच, आणि 'आमेन' म्हणावेसे वाटले नाही तर म्हणू नकोस. देवाशी भांडणे आपल्या मातीलाही नवे नाही. तुकोबा विठ्ठलाशी किती कडाडून भांडले, आणि आपले कवी रेव्ह. नारायण वामन टिळक तर तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे म्हणत. भांडण त्याच्यापुढे चालले आहे तोवर तू त्याच्याच घरात आहेस.

पंडिता रमाबाईंचा दाखला तुला कोणीतरी देईलच. त्यांची मुलगी मनोरमा 1921 च्या जुलैत गेली आणि त्यानंतर जेमतेम नऊ महिन्यांत, 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. मधल्या काळात त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. हे थोर आहे. पण दार लावून घेतल्यावर रमाबाई देवाला काय म्हणाल्या असतील, ते सांगणाऱ्याला ठाऊक नसते, मलाही नाही. त्यांच्या धीराचा दंडुका करून तुझ्या पाठीत घालण्याचा हक्क कोणालाही नाही.

आणखी एक, आणि हे मी जरा रागानेच लिहितो आहे. आईचे डायलिसिस थांबवून केवळ उपास-प्रार्थना करावी, असे तुम्हाला कोणीतरी सुचवल्याचे माझ्या कानावर आले. ऐकू नकोस. मिशनरी वायल्डरसाहेब 1852 साली या कोल्हापुरात शुभवर्तमान घेऊन आले, आणि त्याच सुवार्तेच्या ओढीने पुढे डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभारले. प्रार्थना आणि औषध ही आपल्याकडे सख्खी भावंडे म्हणून वाढली आहेत. आठवड्यातले ठरलेले वार चुकवायचे नाहीत. 'माझा विश्वास आहे' हे दाखवण्यासाठी यंत्र बंद करणे हीसुद्धा खोटी प्रार्थनाच.

आता आईविषयी, कारण खरे तर मला तेच सांगायचे होते. ती कधीतरी निरवानिरवीचे बोलेल. कदाचित तू वेणी घालत असताना बोलेल, कदाचित यंत्राला जोडलेली असताना छताकडे पाहत बोलेल. त्या वेळी 'असे बोलू नकोस' म्हणू नकोस. स्तोत्र वाचायला घेऊ नकोस. फोनकडे पाहू नकोस. ती कपाटाच्या किल्लीबद्दल बोलली तर किल्लीबद्दल विचार, बांगड्यांबद्दल बोलली तर बांगड्या काढून बघ. ती बरी होईल अशी आशा तू सोडावीस असे मी मुळीच म्हणत नाही. मीही रोज पहाटे तेच मागतो आहे, प्याला दूर कर, हेच, याच शब्दांत. पण तिने तुझ्यासाठी डब्यात चिठ्ठी ठेवावी लागेल, असे घर करू नकोस.

रविवारी यावेसे वाटले नाही तर येऊ नकोस, मी पाळकसाहेबांना सांगेन. गुरुवारी तिचा डायलिसिसचा वार असतो ना, तेव्हा मी दुपारी दोनच्या सुमारास दवाखान्यात येतो. मला प्रार्थना करायला सांगू नकोस. चार तास मी तिच्याजवळ बसेन, तू बाहेर जाऊन झोप किंवा जेव. तिच्या पथ्यामुळे तिच्यासाठी काही आणत नाही. तुझ्यासाठी भाकरी आणि पिठले आणतो. पिठले थोडे गुठळ्यांचे होते माझ्या हातून, चालवून घे.

तुझे,
सर