वृत्त, छंद, अलंकार समजायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की शाळा गुजराती माध्यमात झाली, आता मराठी कविता वाचताना वृत्त, गण, यमक, रूपक अशा शब्दांपाशी अडायला होतं. तर व्याख्या पाठ कराव्यात का? मीही वडोदऱ्याचाच. माझं मत विचाराल तर व्याख्या अजिबात पाठ करू नका. कविता मोठ्याने म्हणा, लय कानात बसू द्या आणि मग तिचं नाव विचारा.

ही ओळ म्हणून बघा: ‘पहाटे नदीच्या किनारी निघालो’. प-हा-टे, न-दी-च्या, कि-ना-री, नि-घा-लो. दर वेळी एक ऱ्हस्व, दोन दीर्घ. म्हणजे लघू, गुरू, गुरू. अशा तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात; हा य गण. असे चार य गण ओळीत आले की झालं भुजंगप्रयात. मनाचे श्लोक याच वृत्तातले, तेव्हा घरात कुणी म्हणत असेल तर चाल तुम्हाला येतेच. मोजताना एक सांभाळा: अनुस्वाराचं अक्षर गुरू, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल तर आधीचं ऱ्हस्व अक्षरही गुरूच. ‘सत्य’मधला ‘स’ गुरू. गण लक्षात ठेवायचं गुजराती शाळेतलं सूत्र, ‘यमाताराजभानसलगा’, आठवत असेल तर तेच इथेही चालतं.

मात्रावृत्तात गणांचं बंधन नाही, फक्त मात्रा बघायच्या: लघूची 1, गुरूच्या 2. छंदात तर नुसती अक्षरं मोजायची. मोठ्या अभंगाचे चार चरण, 6, 6, 6 आणि 4 अक्षरांचे. नमुना म्हणून मीच रचतो:

वडाखाली आलो । ऊन ते सरले ।
मन हे भरले । सावलीने ॥

दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतंय बघा. संतांच्या अभंगांत एखादं अक्षर कमीजास्त सापडलं तर बिचकू नका; ते गाण्यासाठी रचलेले, गाताना ते आपसूक सांभाळलं जातं. आणि हो, गुजरातीत ज्याला प्रास म्हणतात त्याला आपण सर्रास यमक म्हणतो. तुमचा अर्धा गोंधळ बहुधा इथलाच असावा.

अलंकार त्या मानाने सोपे. वडोदऱ्याचा सुरसागर तलाव आरशासारखा दिसतो, ही उपमा. सुरसागर जणू आरसाच, ही उत्प्रेक्षा. सुरसागराच्या आरशात दिवे उतरले, हे रूपक. इथे तळं आणि आरसा वेगळे उरलेच नाहीत. मला स्वतःला रूपक सगळ्यांत जास्त आवडतं, कारण त्यात कवी समजावत बसत नाही.

पुढे खोलात जावंसं वाटलं तर माधव जूलियन यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ मिळवा. त्यांचा जन्मही आपल्या वडोदऱ्यातलाच, 1894चा. ग्रंथ जड आहे, सलग वाचायला घेऊ नका. एखादं वृत्त म्हणता यायला लागलं की त्याच्यापुरतं पान उघडा.