वाचक विचारतात : तहाच्या बैठकीत बायका कुठे बसतात?

गेल्या अंकात आम्ही २०११ च्या नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकरी लेमा बोवी यांच्यावर आणि लायबेरियातील महिलांच्या आंदोलनावर एक छोटे टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्रातील शंका अनेकांनी निरनिराळ्या शब्दांत मांडली असल्यामुळे तिला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : पांढरे कपडे घातलेल्या काही बायका मैदानात बसल्या आणि चौदा वर्षांचे यादवी युद्ध थांबले, असे तुमच्या टिपणावरून वाटते. हे जरा गोड करून सांगितलेले नाही का? बंदुकीपुढे धरणे धरून काय होते? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि टिपण लिहिताना आमच्याकडून थोडी घाई झाली हे मान्य करतो. डिसेंबर १९८९ मध्ये चार्ल्स टेलर यांच्या बंडखोरांनी सीमा ओलांडली तेव्हा सुरू झालेली यादवी, मध्ये दोनएक वर्षांची उसंत सोडली, तर २००३ पर्यंत चालली आणि तिच्यात सुमारे अडीच लाख माणसे मेली असे मानले जाते. असे युद्ध कोणा एकामुळे थांबत नाही. २००३ च्या उन्हाळ्यात, एव्हाना स्वतः राष्ट्राध्यक्ष झालेल्या टेलर यांच्याविरुद्धचे बंडखोर राजधानी मन्रोव्हियाच्या वेशीवर येऊन ठेपले होते. शेजारच्या सिएरा लिओनमधील विशेष न्यायालयाने टेलर यांच्यावरील आरोपपत्र ४ जून रोजी, म्हणजे घानामध्ये वाटाघाटींचे उद्घाटन होत असतानाच, जाहीर केले. अमेरिकेचा दबाव वाढत होता आणि नायजेरियाने टेलर यांना आश्रय देऊ केला होता. हे सगळे वजा करून ‘बायकांनी युद्ध थांबवले’ असे म्हणणे बरोबर नाही.

मात्र बायकांचे धरणे वजा केले तर उरलेला हिशेबही जुळत नाही. त्यांनी जागा निवडली ती सिंकोर भागातील मासळी बाजाराजवळचे मैदान. ही निवड भाबडी नव्हती. राष्ट्राध्यक्ष टेलर यांचा ताफा घर आणि कार्यालय यांच्या दरम्यान याच रस्त्याने जात असे, त्यामुळे उन्हापावसात बसलेल्या त्या पांढऱ्या रांगा त्यांना रोज बघाव्याच लागत. पांढरा सदरा, डोक्याला पांढरे फडके, अंगावर दागिना नाही, चेहऱ्यावर रंगरंगोटी नाही. एकाच रांगेत ख्रिस्ती आणि मुसलमान. या बायकांपैकी अनेकींनी युद्धात मुले गमावली होती, अनेकींवर अत्याचार झाले होते, आणि काहींचे मुलगे ज्या टोळ्यांत होते त्याच टोळ्यांनी शेजारणीचे घर जाळले होते. बोवी स्वतः सेंट पीटर्स लूथरन चर्चच्या; जुलै १९९० मध्ये आसऱ्याला आलेल्या सुमारे सहाशे माणसांची याच चर्चमध्ये कत्तल झाली होती. युद्ध सुरू झाले तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या आणि पुढे त्यांनी बालसैनिक राहिलेल्या मुलांना सावरण्याचे काम केले. तेव्हा ‘काही बायका’ हा शब्दप्रयोग आम्ही आपल्या पत्रातून घेणार नाही.

२३ एप्रिल २००३ रोजी टेलर यांना या बायकांना भेट द्यावी लागली. पुढे वाटाघाटी घानात सुरू झाल्या, तेव्हा त्यांतील काहीजणी तेथेही गेल्या. पंधरा दिवसांत आटोपायची बोलणी लांबतच गेली. टोळ्यांचे प्रतिनिधी हॉटेलांत मुक्कामाला होते, खाण्यापिण्याची ददात नव्हती, आणि कोणते खाते कोणाच्या पदरात पडणार यावर घासाघीस चालली होती. २१ जुलै रोजी मन्रोव्हियावर तोफगोळ्यांचा मारा झाला, अमेरिकी वकिलातीच्या आवारात आसरा घेतलेले विस्थापितही त्यातून सुटले नाहीत, आणि लोकांनी प्रेते वकिलातीच्या दारात नेऊन ठेवली. इकडे घानात त्याच दिवशी बायकांनी बैठकीच्या दालनाबाहेर एकमेकींच्या हातांत हात गुंफून ठाण मांडले आणि करार झाल्याशिवाय कोणालाही बाहेर पडू देणार नाही असे बजावले. सुरक्षारक्षक अटक करायला आले, तेव्हा बोवी यांनी स्वतःच्या अंगावरचे कपडे उतरवायला सुरुवात केली.

या कृतीचा अर्थ परक्या वाचकाला कळणार नाही, पण मराठी वाचकाला ‘तळतळाट’ हा शब्द ठाऊक आहे. पश्चिम आफ्रिकेच्या अनेक समाजांत आईच्या वयाच्या स्त्रीने भर लोकांत जाणूनबुजून विवस्त्र होणे म्हणजे समोरच्या पुरुषाला दिलेला शाप, आणि तो ज्याच्यामुळे ओढवला त्याच्या कुळाला लागतो अशी समजूत आहे. रक्षक मागे हटले. मध्यस्थ असलेले नायजेरियाचे माजी लष्करी प्रमुख जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांनी बायकांशी बोलणे केले, आणि त्यानंतर दालनातील बोलण्यांचा नूर पालटला असे तेथे हजर असलेल्यांनी नंतर सांगितले. ११ ऑगस्टला टेलर पायउतार झाले आणि १८ ऑगस्टला घानाची राजधानी अक्रा येथे करारावर सह्या झाल्या. आमच्या मते बायकांचे श्रेय इतके, आणि ते कमी नव्हे : तह व्हायची वेळ इतर कारणांनी आली होती, पण तह करणाऱ्यांना तो टाळता येऊ नये ही व्यवस्था त्यांनी केली.

जाता जाता : नवऱ्यांशी शरीरसंबंध तोडण्याच्या ज्या ‘संपा’ची जगभर चर्चा झाली, त्याचा प्रत्यक्ष परिणाम फारसा नव्हता, पत्रकारांचे लक्ष वेधायला मात्र तो कामी आला, असे खुद्द बोवी यांनीच लिहिले आहे. आपण पत्रकारांनी नेमकी तीच गोष्ट सर्वांत जास्त छापली, हे नमूद करून ठेवतो.

प्रश्न : स्त्री ही स्वभावतःच शांतताप्रिय असते, म्हणून तिला शांतता प्रक्रियेत स्थान द्यावे, असे म्हणता येईल का? – एक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : नाही. लायबेरियाच्या बंडखोरांमध्ये स्त्रियांची स्वतंत्र तुकडी होती आणि तिची दहशत पुरुषांच्या तुकड्यांहून कमी नव्हती. शांततेचे नोबेल मिळालेल्या आणि २००५ ची निवडणूक जिंकून आफ्रिकेतील पहिल्या निर्वाचित महिला राष्ट्रप्रमुख ठरलेल्या एलेन जॉन्सन सर्लीफ यांनीही सुरुवातीच्या काळात टेलर यांच्या बंडाला मदत केली होती. त्यावरून देशाच्या सत्यशोधन आयोगाने २००९ मध्ये त्यांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवण्याची शिफारस केली, ती पुढे अमलात आली नाही.

स्थान द्यायचे ते स्वभावासाठी नव्हे, तर माहितीसाठी. सिएरा लिओनमध्ये युद्धोत्तर निःशस्त्रीकरणाच्या योजनेत नाव घालायचे तर बंदूक आणून द्यावी लागे, आणि अनेक ठिकाणी ती खोलून पुन्हा जोडून दाखवावी लागे. पळवून नेलेली जी मुलगी पाच वर्षे टोळीसाठी भात शिजवत होती, पाणी व दारूगोळा डोक्यावरून वाहत होती आणि एखाद्या कमांडरची ‘बायको’ म्हणून राहत होती, तिच्या हातात बंदूक कुठून येणार? सुमारे बहात्तर हजार जणांची त्या योजनेत नोंद झाली, त्यात स्त्रिया पाच हजारांहूनही कमी. नियम करणाऱ्यांच्या खोलीत छावणीचे स्वयंपाकघर पाहिलेले कोणी असते, तर हा नियम असा झाला नसता. लायबेरियात पुढे स्त्रियांसाठी ही अट शिथिल झाली आणि नोंदलेल्या एक लाखाहून अधिक जणांत स्त्रियांचे प्रमाण बरेच वाढले.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी एकमताने संमत केलेला, शांतता प्रक्रियेत स्त्रियांना सहभाग देण्याविषयीचा १३२५ क्रमांकाचा ठराव याच धर्तीवर आहे. त्याचा एक भारतीय धागाही सांगायला हवा : संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेत केंद्रीय राखीव पोलीस दलाची संपूर्णपणे महिलांची तुकडी जानेवारी २००७ मध्ये मन्रोव्हियात दाखल झाली, आणि २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत एकामागून एक तुकड्या तेथे गस्त घालत राहिल्या.

प्रश्न : एवढ्या लांब आफ्रिकेत कशाला जायचे? आपल्या देशात असे काही घडलेच नाही का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घडले आहे, आणि त्याचे मूळ लायबेरियाहूनही जुने आहे. मणिपूरच्या डोंगरांतील तांगखुल नागांमध्ये ‘पुखरेला’ नावाचे एक स्थान होते. एका गावची लेक दुसऱ्या गावात दिली, आणि त्या दोन गावांत लढाई जुंपली, तर ती हातात काठी घेऊन दोन्ही फळ्यांच्या मध्ये जाऊन उभी राही. तिच्यावर शस्त्र चालवायचे नाही हा दोन्हीकडचा दंडक. तिला इजा केली तर एका बाजूला स्वतःची लेक मारल्याचे आणि दुसऱ्या बाजूला स्वतःची सून मारल्याचे पातक. ज्या सासर-माहेराच्या ओढाताणीवर आपण जात्यावरच्या ओव्या रचल्या, तिचीच तेथे तहाची संस्था झाली.

१४ फेब्रुवारी १९८४ रोजी शेजारच्या नागालँडमधील कोहिमात स्थापन झालेल्या नागा मदर्स असोसिएशनने हेच आईपण आधुनिक काळात वापरले. आरंभी दारू आणि अमली पदार्थांविरुद्ध काम करणाऱ्या या बायकांनी १९९४ मध्ये ‘आता आणखी रक्त नको’ अशी हाक दिली. भूमिगत नागा गट तेव्हा भारतीय लष्कराशीही लढत होते आणि एकमेकांनाही मारत होते. या बायका दोन्ही बाजूंच्या छावण्यांपर्यंत जाऊन बोलत. ‘पोरांनो, आम्ही तुमच्या आया आहोत’ या भूमिकेतून बोलणाऱ्याला हाकलून देणे कोणाही बंडखोराला जड जाते. संस्थापकांपैकी नैदोनुओ अंगामी यांना २००० मध्ये पद्मश्री मिळाली.

परंतु आई म्हणून जेवढे ऐकले गेले, तेवढे नागरिक म्हणून ऐकले गेले नाही. २०१७ च्या आरंभी नगरपालिकांत स्त्रियांना तेहतीस टक्के जागा देऊन निवडणुका घ्यायचे ठरले, तेव्हा परंपरागत कायद्याला धक्का लागतो या कारणावरून पुरुषांच्या आदिवासी संघटनांनी बंद पुकारले, दिमापूरला गोळीबारात दोन तरुण दगावले, कोहिमात नगरपालिकेची इमारत जाळण्यात आली आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. महिला संघटनांचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६३ मध्ये राज्य झालेल्या नागालँडच्या विधानसभेत पहिल्या दोन महिला आमदार निवडून आल्या त्या मार्च २०२३ मध्ये, आणि स्त्रियांच्या राखीव जागांसह नगरपालिकांचे मतदान झाले ते २६ जून २०२४ रोजी.